आत्याने मासे सोडले ते वर्ष

बनारसमध्ये मासे खायला सर्वांत गैरसोयीचा काळ कोणता असेल, तर तो शरद ऋतू. आधी पितृपक्ष लागतो. तो संपला की दुसऱ्याच दिवशी घट बसतात. दसऱ्याला जरा श्वास घ्यावा, तर कोजागरी येते, आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी इथल्या पंचांगाप्रमाणे कार्तिक सुरू होतो. मग माझी घरमालकीण पहाटे गंगास्नानाला जाऊ लागते आणि जिन्यात भेटली की आधी माझ्या पिशवीकडे आणि मग माझ्याकडे बघते. नेमक्या याच दिवसांत आम्हा कोकणी मंडळींचा वार्षिक मासळी महोत्सव असतो.

त्यालाही कारण आहे. पावसाळ्यात समुद्रात होड्या जात नाहीत. उन्हाळ्यात मुंबईहून निघालेला बर्फ वाटेतच वितळून जातो. थंडीत धुक्यामुळे गाड्या अर्धा अर्धा दिवस उशिरा येतात, आणि अर्धा दिवस उशिरा आलेल्या पापलेटाबद्दल इथे काही लिहिण्यासारखं नाही. राहता राहिला दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ. कार्तिकाची अडचण आम्ही पंचांगाने सोडवली. महाराष्ट्राच्या पंचांगात कोजागरीनंतरही अमावास्येपर्यंत आश्विनच असतो. वर्षभर आमची मुलं आपसात हिंदीत बोलतात, आम्ही स्वतः भाजीवाल्याशी भोजपुरीत भांडतो, होळीला ठंडाई पितो. पण या पंधरा दिवसांपुरते आम्ही कट्टर महाराष्ट्रीय होतो.

आम्ही म्हणजे बँकेतली, रेल्वेतली आणि विद्यापीठातली पंधरावीस घरं. घाटांवरची जुनी मराठी घराणी वेगळी. ती पेशवाईपासून इथे आहेत, विद्वान आहेत आणि शाकाहारी आहेत. आम्ही बदलीच्या ऑर्डरवर आलेलो आणि सगळं खाणारे. तरी त्यांच्यापुढे आपण सभ्य दिसावं अशी आमची फार इच्छा, म्हणून निमंत्रणावर 'शरद स्नेहमेळावा' असं छापतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर 'मासे' हा शब्दच चालत नाही. तिथे 'साहित्य' म्हणतात. 'साहित्य कल्याणहून गाडीत चढले.' 'साहित्य ताजे आहे.' एका वर्षी विद्यापीठात नवे आलेले एक प्राध्यापक हे वाचून स्वतःच्या कवितांची वही घेऊन आले होते. त्यांना आधी जेवायला वाढलं, त्यामुळे वाचन टळलं.

ही चोरी कोणापासून, हे मला आजवर कळलेलं नाही. बंगाली टोल्यात सकाळी सकाळी भर रस्त्यात रोहू कापतात. आमच्या घरमालकिणीचा मुलगा संध्याकाळी चौकातल्या गाड्यावर उभा राहून तळलेली मासळी खातो, आणि ते त्याच्या आईसकट सगळ्या गल्लीला माहीत आहे. ज्या रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये आमचा मेळावा होतो, तिथे इतर रविवारी बिहारी मंडळी दारं सताड उघडी टाकून मटण शिजवतात. खिडक्या लावून घेणारे फक्त आम्ही.

तर या मेळाव्याला एका वर्षी माझी आत्या आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. देवगडला तिची खाणावळ होती. गुडघे गेले तेव्हा तिने ती बंद केली, पण खाणावळ बंद झाली तरी खाणावळवालीचा रुबाब गेला नव्हता. कुणाच्याही घरी जेवायला बसली की पहिला घास घेऊन ती डोळे मिटायची, आणि यजमानीण दाराशी उभी राहून निकालाची वाट बघायची. तिला काशीयात्रा करायची होती. मी इथे बँकेच्या बदलीवर एकटी राहत होते, नवरा रत्नागिरीत. मी तिला म्हटलं, दसरा झाला की ये, गर्दी कमी असते. ते खरं नव्हतं, इथे गर्दी कधीच कमी नसते, पण ती आली. सोबत एक कपड्यांची पिशवी आणि एक मसाल्याची. दुसरी जास्त जड होती. जिन्यात घरमालकिणीला तिरफळाचा वास आला. "ये क्या है?" तिने विचारलं. मी म्हटलं, "दवा है, घुटने की." आत्याला तेवढं हिंदी कळत होतं. वर आल्यावर ती म्हणाली, "गुडघ्याक तिरफळ लावतत व्हय गो तुमच्या काशीत?"

ती आल्याची बातमी ग्रुपवर गेली मात्र, दुसऱ्या दिवशी अध्यक्ष सपत्नीक हजर झाले. अध्यक्ष म्हणजे विद्यापीठातून निवृत्त झालेले भूगोलाचे प्राध्यापक, मूळचे रत्नागिरीचे. इतकी वर्षं बनारसला राहून त्यांच्या तोंडात पान कायमचं राहायला आलं होतं. बोलताना ते हनुवटी वर करून बोलत, म्हणजे रस सांडत नसे. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. मेळाव्याचं सगळं काम वहिनी करायच्या आणि आभार अध्यक्षांचे मानले जायचे.

"आत्याबाई," अध्यक्ष हनुवटी वर करून म्हणाले, "यंदा चुलीचं अध्यक्षपद तुमच्याकडे."

"माका अध्यक्षपद नको," आत्या म्हणाली. "दोन माणसा कांदो कापूक द्या आणि एक नारळ खवूक. आणि मधी मधी कोणी सूचना करूक येता नये."

हे अध्यक्षांनी मान्य केलं. सूचना करणं हेच त्यांचं मुख्य काम असल्यामुळे त्यांना ते जरा लागलं असावं.

मग चहा झाला आणि वहिनींनी सहज विचारलं, "घाटावर जाणार तेव्हा काय सोडणार तुम्ही?"

काशीला आलं की आपल्या आवडीची एक खायची वस्तू गंगेला अर्पण करून जन्मभर सोडायची, अशी रीत आहे. आत्याला ती ठाऊक होती, पण तिने अजून काही ठरवलं नव्हतं.

"मी कारलं सोडलं," वहिनी अभिमानाने म्हणाल्या. "त्या दिवसापासून एकदाही तोंडात घातलं नाही."

"तुमका कारला आवडायचा?"

"छे हो! मेलं कडूजहर."

आत्याने कप खाली ठेवला. "मग ता सोडूक काशी कित्याक व्हयी? ता तर तुम्ही रत्नागिरीतच सोडलेला होता."

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांना सावरायला अध्यक्ष पुढे सरसावले. "मी खाण्याचं काही सोडलं नाही. मी क्रोध सोडला," ते म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्यानंतर त्या दोघांनी चहा संपवला आणि ते निघून गेले.

शुक्रवारी सकाळी आम्ही दशाश्वमेधावर गेलो. कोजागरी दोनच दिवसांपूर्वी झाली होती. पुराचा गाळ अजून खालच्या पायऱ्यांवर होता आणि पालिकेची माणसं पंपाने तो नदीत परत ढकलत होती. आकाशदिव्यांसाठी बांबू उभे राहिले होते. आमच्या गुरुजींची छत्री जरा वरच्या अंगाला. गुरुजी जुन्या घराण्यातले, कितव्या पिढीतले हे त्यांनाही मोजून सांगावं लागायचं. त्यांच्या मराठीत अर्धं हिंदी होतं, पण ते ऐकायला गोड वाटायचं. आमच्या मेळाव्याचे ते दरवर्षीचे प्रमुख पाहुणे. काशीतल्या कार्यक्रमाला काशीचं कुणीतरी हवं, म्हणून आम्ही त्यांना बोलवायचो. ते यायचे, चुलीपासून सर्वांत लांब मांडलेल्या टेबलावर बसून बटाट्याची भाजी-पुरी खायचे, आणि आहारातल्या संयमावर भाषण करून जायचे.

पूजा नीट झाली. आत्याने दिवा सोडला, माझ्या वडिलांच्या, आजीच्या, आपल्या नवऱ्याच्या नावाने पाणी सोडलं. मग गुरुजी म्हणाले, "आता त्याग. एक वस्तू बोला, आत्याबाई. फळ बोला, भाजी बोला. जबरदस्ती काही नाही हं, जे सहज जमेल ते."

"बाकीचे काय सोडतत?"

"ज्यादातर दुधी. पडवळ पण चालतं. मागच्या हप्त्यात पुण्याचे एकजण आले होते, त्यांनी ड्रॅगन फ्रूट सोडलं."

आत्या काही वेळ पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आठवतेय काय काय नाही खाल्लं तरी चालेल ते. मी पुटपुटले, "आत्या, पपई सांग."

"मासे," आत्या म्हणाली.

गुरुजींच्या हातातली पळी तशीच राहिली. "मासे म्हणजे... एखादी जात बोला ना. एक मासा बोला. बाकीचे चालू ठेवा."

"सगळे."

गुरुजी माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, इतवारला आपला कार्यक्रम आहे ना?"

"आहे."

"आणि स्वयंपाक कोण करणार?"

"हीच."

गुरुजींच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते फार विलक्षण होतं. आयुष्यभर लोकांना त्यागाचा उपदेश केलेला हा माणूस, समोर खराखुरा त्याग उभा राहिल्यावर पुरता घाबरून गेला होता. "आत्याबाई," ते समजुतीने म्हणाले, "जरा विचार करा. गंगामाई कुठे जात नाही."

"मी जातंय मा पण परत. सांगा मंत्र."

त्यांनी मंत्र सांगितला. आत्याने ओंजळ सोडली. परत येताना गोदौलियाच्या चौकात रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "ह्या शहरात हॉर्न कोण सोडीत नाय काय?"

मी घरी येऊन अध्यक्षांना फोन केला. सांगणं भागच होतं. संध्याकाळी त्यांच्या घरी तातडीची सभा भरली. मी आत्याला घेऊन गेले, कारण ती म्हणाली की माझ्याबद्दल बोलणार तर माझ्यासमोर बोलू दे.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात एक अलिबागकर होते. मुंबईहून येणारं 'साहित्य' तेच उतरवून घ्यायचे, म्हणून त्यांना सगळे पार्सलभाऊ म्हणायचे. पहिला तोडगा त्यांनी काढला. "इथले पंडित मासळीला काय म्हणतात माहितीये? जलतोरई! म्हणजे पाण्यातलं दोडकं. तर आत्यांनी सोडलेला मासा हा कागदोपत्री दोडका धरावा. आत्यांनी दोडकं सोडलं, मासे चालू."

"पण मी दोडका नाय म्हटलंय. मासे म्हटलंय," आत्या म्हणाली.

"गंगामाईला मराठी कुठे कळतं?" पार्सलभाऊ म्हणाले.

"गुरुजींनी संस्कृतात सांगितल्यानी."

इथे सभा अडली. मग वहिनींनी मुद्द्याचं विचारलं. "तुम्ही स्वयंपाक करणार की नाही, तेवढं सांगा हो."

"करतलंय की! मी खाऊक सोडलंय, करूक नाय सोडूक."

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. तेवढ्यात अध्यक्षांना प्रश्न पडला, की न चाखता मीठमसाला कळणार कसा? त्यांनी लगेच गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चाखणं म्हणजे खाणं होतं का?

पलीकडून बराच वेळ आरतीच्या घंटा ऐकू आल्या. मग गुरुजी म्हणाले, "जिभेला लागलं, म्हणजे खाल्लं."

"आणि चाखून थुंकलं तर?"

"थुंकायला बनारसमध्ये कोणाची हरकत नाही," गुरुजी म्हणाले, "पण संकल्प तुटेल."

तेव्हा अध्यक्षांनी एक आस्वाद उपसमिती नेमली. ते स्वतः, पार्सलभाऊ आणि आणखी एक बँकेचे निवृत्त मॅनेजर. आत्या म्हणाली, "तीन जणांची जीभ एक होता काय?" अध्यक्ष म्हणाले की लोकशाहीत तसंच असतं.

रविवारी सकाळी साहित्य आलं. थर्मोकोलची दोन खोकी, त्यातून पाणी ठिबकत होतं. पार्सलभाऊंनी ती 'औषधे' असं सांगून रिक्षात घातली. आमच्या मंडळींत औषधांचं नाव फार उपयोगी पडत असे. हॉलच्या मागच्या अंगणात आत्याने खोकं उघडलं आणि प्रत्येक मासा उचलून त्याचे कल्ले उघडून पाहिले. सुरमई चांगली होती. बांगडे अगदी झकास. पापलेटांकडे बघून ती म्हणाली, "ह्यांका प्रवास सोसूक नाय," आणि ती तळायला बाजूला काढली. त्या वेळी तिचा चेहरा मी बघत होते. माशाच्या वासाने तिच्या नाकपुड्या जरा हलल्या. बस्स, तेवढंच.

मग आत हॉलमध्ये चुलीपाशी येऊन तिने पदर खोचला. कांदा कापायला दिलेल्या दोन माणसांपैकी एकाने अर्धा कांदा कापून फेसबुकसाठी फोटो काढला आणि तो नाहीसा झाला. वहिनींनी नारळ खवला. खिडक्या लावून घेतल्यामुळे आतल्या लोकांना धुराने काही दिसेना, आणि बाहेरच्या कुत्र्यांना मात्र सगळं कळलं होतं.

बांगड्याचं सार उकळायला लागलं तेव्हा खरं भांडण झालं. अलिबागकडचे म्हणाले, त्याला कालवण म्हणतात आणि त्यात चिंच पडते. एका गोवेकर बाईंनी त्याला हुमण म्हणतात असं सांगितलं. आत्याने तिरफळं टाकली, सोलं टाकली आणि हाक मारली, "खंय गेली तुमची उपसमिती?"

उपसमिती आली. अध्यक्षांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं, चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "मीठ कमी आहे," ते म्हणाले.

आत्याने मीठ घातलं. पार्सलभाऊंनी चाखलं. त्यांनी दहाच मिनिटांपूर्वी जर्दा लावला होता. "अजून पाहिजे थोडं." आत्याने थोडं घातलं. निवृत्त मॅनेजरांनी चाखलं. त्यांच्या तोंडात पान नव्हतं, सुपारी होती. त्यांनी आधी दोघांकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "मी समितीशी सहमत आहे."

आत्या पातेल्याकडे बघत उभी राहिली. "माका वाटता बरोबर होता," ती हळूच मला म्हणाली. "पण मी चाखूक नाय. काय सांगतलंय?" तिने आणखी मीठ घातलं.

पंगत बसली. गुरुजी आपल्या लांबच्या टेबलावर बसले. पहिला घास लोकांनी घेतला, आणि हॉलमध्ये अचानक शांतता पसरली. अशी शांतता मी आमच्या मेळाव्यात कधी ऐकली नव्हती. मग कुणीतरी म्हणालं, "वा!" दुसरा म्हणाला, "वा वा!" आणि मग सगळेच वा म्हणू लागले. पाण्याचे जग फिरू लागले. सोलकढी तर बघता बघता संपली. सार इतकं खारट झालं होतं की माझ्या कानशिलांपर्यंत झिणझिण्या आल्या.

सांगणार कोण? एक तर आत्या पाहुणी, म्हातारी, काशीला आलेली. त्यात तिने केवढा त्याग केलेला. शिवाय मालवणी चव कुणालाच नक्की आठवत नव्हती. प्रत्येकाला भीती वाटत होती, की हीच खरी चव असली आणि आपण तोंड वेडंवाकडं केलं, तर आपण किती वर्षं बनारसला राहून बिघडलो ते कळेल. म्हणून लोक डोळ्यांत पाणी आणून खात होते आणि ते पाणी आठवणींचं आहे असं दाखवत होते.

जेवण अर्धं झाल्यावर अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते गहिवरले होते. "मित्रहो," ते म्हणाले, "आज पहिल्या घासाला मी डोळे मिटले आणि मला साक्षात समुद्र आठवला!"

टाळ्या पडल्या. आत्या पातेल्याजवळ स्टुलावर बसली होती. ती ताडकन उठली. "समुद्र?" ती म्हणाली.

ती पंगतीतून चालू लागली. पार्सलभाऊंसमोर उभी राहिली. "खारट झाला मा?"

"नाही हो आत्या! अगदी घरच्यासारखं," पार्सलभाऊ म्हणाले आणि घटाघटा पाणी प्यायले.

मॅनेजरांना विचारलं. ते म्हणाले, "उत्कृष्ट." गोवेकर बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पण असंच." वहिनी पाण्याचा जग घेऊन उठल्या. पंगतीच्या शेवटी पार्सलभाऊंच्या शेजारी राहणाऱ्या एक बंगाली शिक्षिका बसल्या होत्या, त्यांनाही पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. त्यांनी ताट संपवलं होतं. त्या प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "मछली बहुत बढ़िया है, दीदी. नमक थोड़ा तेज़ हो गया."

"नमक म्हंजे मीठच मा?" आत्याने मला विचारलं.

मी मान हलवली.

आत्याने त्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती वळली. ती रागावली होती, पण तिने हातातलं काम सोडलं नाही. उरलेला नारळ वहिनींकडून वाटून घेतला, त्याचं दूध काढलं, ते पातेल्यात ओतलं. मग तिची नजर गुरुजींच्या टेबलावर गेली. तिथे फोडणीच्या भाजीशेजारी दुसऱ्या वाढपासाठी उकडलेले बटाटे ठेवले होते. तिने पातेलंभर बटाटे उचलले.

"आत्याबाई, ते माझे..." गुरुजी म्हणाले.

"तुम्ही संयम करा," आत्या म्हणाली आणि बटाटे माशांच्या सारात गेले.

थोड्या वेळाने तिने पुन्हा वाढलं. आता सार खरोखर सुरेख झालं होतं. तिरफळाचा वास, आमसुलाचा आंबटपणा, सगळं जिथल्या तिथे. पण लोकांची पंचाईत झाली. पहिलं उत्कृष्ट होतं, असं सगळ्यांनी तोंडभरून सांगून टाकलं होतं. आता हे जास्त चांगलं आहे म्हणायची सोय राहिली नव्हती. ते गप्प बसून खाऊ लागले. भात पुन्हा टाकावा लागला. अध्यक्ष म्हणाले, "दुसऱ्या वेळेला भूकच जास्त लागली, काय असेल ते असो." गुरुजींनी भाजी संपली म्हणून पुरी गुळाशी खाल्ली आणि संयमावरचं भाषण त्या वर्षी फार थोडक्यात आटोपलं.

घरी आल्यावर आत्या बराच वेळ पाय लांब करून भिंतीला टेकून बसली. मी तिच्या गुडघ्यांना तेल लावत होते.

"मीठ जास्त होता, ह्याचा काय नाय," ती म्हणाली. "खाणावळीत कितीदा झाला. गिऱ्हाईक ओरडायचा, मी परत करायचंय. पण हे सगळे हसत होते गो. माझ्या तोंडार हसत होते आणि पाणी पीत होते. मी काय म्हातारी झालंय म्हणून खोटा बोलायचा?"

माझ्या मनात दुसरंच काही चाललं होतं. दोन दिवस मी एक गोष्ट मनात रंगवत होते. माझे वडील गेल्याला वर्ष होत आलं होतं. ते रोज सकाळी बंदरावर जाऊन मासे आणायचे, आत्या ते करायची, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मला वाटलं, त्यांच्याशिवाय तिला मासे गोड लागत नसणार, म्हणून तिने गंगेत ते सोडून दिले. तेल लावता लावता मी तिला तसं विचारलं.

आत्याने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "तुझ्या बापाशीचा काय संबंध? तो आणायचो, पण खायचो खंय? तेका मटण व्हया. माशाच्या काट्याची तेका भीती वाटायची."

"मग का सोडलेस?"

"त्या तुमच्या वहिनीन कारला सोडलंय म्हणून सांगितल्यान, तेवां माका राग इलो." तिने पाय आखडून घेतला. "आणि मगे तो बामण म्हणता, सहज जमात ता सोडा. म्हंजे काय? देवाक काय टाकाऊच देतत? तेवां तोंडातसून गेला मासे म्हणून."

"आता वाईट वाटतंय?"

"आज सुरमई कापताना वाटला," ती म्हणाली. "बराच वाटला. पण सोडला ता सोडला."

मी म्हटलं, देव रागवायचा नाही, अजून सार शिल्लक आहे डब्यात, घे थोडं. तिने मला हाताने दूर ढकललं आणि म्हणाली, तेल नीट लाव.

दोन दिवसांनी ती गेली. स्टेशनवर वहिनी आल्या होत्या. त्यांनी आत्याला एका बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि दोघी हसल्या. गाडी गेल्यावर मी वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलं, यांचं पान सोडवा म्हणून सांगा गुरुजींना. पुढच्या वेळी." तसं काही झालं नाही. अध्यक्षांच्या तोंडात पान आहे आणि ते अजून अध्यक्ष आहेत. दर मेळाव्यात ते आत्याच्या साराची आठवण काढतात आणि तशी चव पुन्हा मिळाली नाही म्हणतात. कोणत्या वाढपाची, ते सांगत नाहीत.

पुढच्या मे महिन्यात मी देवगडला गेले. आत्याने सुरमई तळली, बांगड्याचं तिखलं केलं, आणि मला केळीच्या पानावर वाढलं. स्वतःपुढे तिने वालाची भाजी घेतली होती. गावात कुणालाच तिचा नेम पटला नव्हता. शेजारीण म्हणे रोज कुंपणावरून वाटी पुढे करायची आणि आत्या रोज ती परत करायची. मी जेवायला लागले तशी ती आपली भाजी तशीच ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"कसा लागता?"

"छान," मी म्हटलं.

"छान काय? बँकेत असाच लिवतंस काय, छान म्हणून? तिरफळ कळता काय?"

"कळतंय."

"आधी कळता की मागसून?"

मी विचार केला. मला खरंच सांगता येईना. मी घास गिळून टाकला होता.

"मीठ?"

"जरासं कमी," मी म्हटलं.

आत्याचा चेहरा उजळला. तिने तिखल्यातला आणखी एक बांगडा उचलून माझ्या पानात टाकला आणि आपली भाजीची वाटी बाजूला सारली. "आता सावकाश खा," ती म्हणाली, "आणि माका नीट सांग."